डेटासेट आणि एसक्यूलाइट-युटिल्स: स्वतःच्याच माहितीला प्रश्न विचारताना

बँकेची स्टेटमेंट, व्हॉट्सॲपवरच्या गप्पा, फोनने परस्पर नोंदवलेला प्रवास अशी माझी स्वतःची माहिती एका जागी आणून तिला प्रश्न विचारायचे, यासाठी गेले काही महिने मी दोन साधनं वापरते आहे: डेटासेट (Datasette) आणि एसक्यूलाइट-युटिल्स (sqlite-utils). दोन्ही प्रोग्रामर सायमन विलिसन यांची, पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलेली, ओपन सोर्स (म्हणजे कोड सगळ्यांना खुला) आणि फुकट. डेटासेट 2017 सालच्या नोव्हेंबरात पहिल्यांदा आलं. निकाल आधीच सांगते: मी ही साधनं सोडणार नाही. पण ज्यांना टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची काळी खिडकी, उघडायचंच नाही, त्यांच्यासाठी ही नाहीत. थोडं पायथन आणि थोडं एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) येत असेल, तर मात्र पुढचं जरूर वाचा.

काम कसं चालतं ते थोडक्यात. एसक्यूलाइट-युटिल्स तुमची सीएसव्ही किंवा जेसन फाइल (माहिती साध्या मजकुरात ठेवायचे दोन साचे) उचलून एसक्यूलाइट या डेटाबेसच्या तक्त्यात घालतं, आणि डेटासेट तोच तक्ता ब्राउझरमध्ये उघडून दाखवतं. गाळण्या लावता येतात, एखाद्या रकान्यातली कुठली नोंद किती वेळा आली ते बाजूला मोजून मिळतं, हवी ती एसक्यूएल क्वेरी, म्हणजे प्रश्न, लिहिता येते आणि उत्तर परत सीएसव्हीत उतरवता येतं. सगळं आपल्याच संगणकावर चालतं. मुद्दाम सांगितल्याशिवाय डेटासेट बाहेरच्या कुठल्या यंत्राला दिसतही नाही.

मला सगळ्यात जास्त भरवसा वाटतो तो खालच्या एसक्यूलाइटचा. रिचर्ड हिप यांनी 2000 साली सुरू केलेला हा डेटाबेस प्रत्येक ॲन्ड्रॉइड फोनमध्ये आणि आयफोनमध्ये आधीपासूनच असतो. तो म्हणजे फक्त एक फाइल. ती पेनड्राइव्हवर कॉपी केली की झाला बॅकअप. 2050 सालापर्यंत एसक्यूलाइट सांभाळायचा इरादा त्याच्या कर्त्यांनी जाहीर केला आहे. एक्सेलची शीट 10,48,576 ओळींवर थांबते. घरगुती हिशेबाला त्या पुरतात, पण फोनने काही वर्षं टिपलेले ठिकाणांचे बिंदू त्यात मावतीलच असं नाही.

विलिसन यांनी याच कामासाठी ‘डॉगशीप’ नावाचा एक छोट्या साधनांचा संच केला होता. ट्विटर, पॉकेट (लेख नंतर वाचायला साठवायचं ॲप), गिटहब (कोड ठेवायची जागा), ॲपल हेल्थ, गूगल टेकआउट (गूगलकडची आपली माहिती उतरवून घ्यायची सोय) अशा प्रत्येक ठिकाणासाठी एक उतरवणारा प्रोग्राम. कल्पना सुंदर आहे, पण आज तो संच घेताना डोळे उघडे ठेवा. ट्विटरने 2023 मध्ये फुकट एपीआय (प्रोग्रामने माहिती मागायची वाट) आवळला, पॉकेट 2025 च्या जुलैत बंद झालं. गूगलने ठिकाणांची टाइमलाइन सर्व्हरवरून काढून फोनमध्ये नेली, त्यामुळे टेकआउटच्या जुन्या साच्यावर बेतलेला प्रोग्राम नव्या फाइलला लागू पडत नाही. ज्यांनी वेळेत आपली फाइल उतरवून घेतली, त्यांच्याकडे ती आजही आहे. मी स्वतः संचातलं जवळजवळ काही वापरत नाही. मूळची दोन साधनं आणि प्रत्येक स्रोतासाठी स्वतःची तीस-चाळीस ओळींची स्क्रिप्ट, एवढ्यावर माझं भागतं.

आता प्रत्यक्ष अनुभव. सुरुवात सगळेच पैशांपासून करतात, तशी मीही केली. माझ्या बँकेच्या संकेतस्थळावरून एक्सेलची म्हणून उतरणारी फाइल आत उघडून पाहिली तर ती प्रत्यक्षात एचटीएमएलचा, म्हणजे वेबपानाच्या साच्यातला, तक्ता निघाली. तेही चालतं, पायथनला ती वाचता येते. खरी गोम रकमेत आहे. ‘1,24,500.00’ ही नोंद मजकूर म्हणून आत गेली आणि तिची बेरीज मागितली, तर एसक्यूलाइट पहिल्या स्वल्पविरामापर्यंत वाचतं आणि 1 धरतं. तक्रारही करत नाही. म्हणून स्वल्पविराम काढणं आणि रकाना आकड्यांचा करणं ही पायरी टाळता येत नाही. तारखांचंही तसंच: आपली 05/11/2024 क्रमाने लावता येत नाही, ती 2024-11-05 करून घ्यावी लागते. एसक्यूलाइट-युटिल्सच्या ‘कन्व्हर्ट’ आज्ञेत दिवस आधी येतो एवढं सांगितलं की ते एका ओळीत होतं. या एका सोयीसाठी मी त्या साधनाची ऋणी आहे.

यूपीआयच्या नोंदींनी घरखर्चाचं चित्र बरंच स्पष्ट केलं, तरी ते अर्धंच आहे. भाजीवाल्याने क्यूआरचा स्टिकर बदलला की त्याचा आयडी बदलतो, आणि तक्त्याच्या लेखी तो नवा माणूस होतो. त्यामुळे कोणता आयडी म्हणजे कोण, याचा एक वेगळा तक्ता हाताने ठेवावा लागतो. शिवाय दूधवाल्याला आणि कामाच्या मावशींना आम्ही रोख देतो, ते यात कुठेच नाही. महिनाअखेरच्या बेरजेकडे बघताना हे सतत ध्यानात ठेवते.

पण पैशांसाठी एवढा खटाटोप करायची गरज नाही, त्यासाठी तयार ॲप आहेत. मला या साधनांची किंमत कळली ती आईच्या साखरेमुळे.

आई सांगलीला असते. ग्लुकोमीटरवर साखर बघितली की आकडा घरच्या ग्रुपवर टाकते. कधी ‘उपाशी १३८’, कधी ‘सकाळची 142’, कधी ‘जेवणानंतर 2 तासांनी १८६, आज पुरणपोळी होती’. हे कित्येक महिने चाललेलं, आणि डॉक्टरांकडे जाताना मात्र शेवटचे दोन-तीन आकडे आठवून सांगायचे. व्हॉट्सॲपमधून गप्पा मजकुराच्या फाइलमध्ये बाहेर काढता येतात, फोटो-व्हिडिओ न घेता काढल्या तर 40,000 संदेशांपर्यंत. त्या फाइलला दोन खोडी आहेत. एकच संदेश अनेक ओळींत असेल तर पुढच्या ओळींना तारीख नसते, त्या मागच्या संदेशाला चिकटवाव्या लागतात. दुसरी म्हणजे वेळेच्या आकड्यानंतर, एएम-पीएमच्या आधी, साध्या स्पेसऐवजी एक अरुंद, न तुटणारी स्पेस असू शकते. डोळ्यांना ती दिसत नाही आणि साध्या स्पेसवर बेतलेली तारखेची जुळणी तिथेच थांबते.

मग आकडे. आई देवनागरी आणि इंग्रजी आकडे मनाला येईल तसे वापरते, तिचा कीबोर्ड जो असेल तो. इथे पायथनने मन जिंकलं: त्याच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकुरातले नमुने शोधायच्या खुणांमध्ये) आकड्याची खूण १, ३, ८ यांनाही लागते आणि ‘१३८’ चा पूर्णांक सरळ 138 मिळतो. एसक्यूलाइटला हे येत नाही, त्याच्या लेखी ‘१३८’ म्हणजे शून्य. म्हणून हे रूपांतर तक्त्यात घालण्यापूर्वीच करायचं. ‘2 तासांनी’ मधला 2 गळावा म्हणून फक्त दोन किंवा तीन अंकी आकडे घेतले, आणि संदेशात घड्याळाची वेळ असेल तर ती आधी काढून टाकली.

तक्ता तयार झाल्यावर मी त्याला दुसरा एक तक्ता जोडला: पंचांगातल्या एकादशा आणि आईचे इतर उपास, कॅलेंडर समोर ठेवून हाताने भरलेले. तारखेवर जोड देऊन विचारलं, उपासाच्या दुसऱ्या दिवशी सकाळची साखर कशी असते? इतर दिवसांपेक्षा ती चढी दिसली, आणि ते एखाद-दुसऱ्या वेळचं नव्हतं. साबुदाण्याची खिचडी आणि बटाटा हा तिचा उपासाचा ठरलेला बेत. नोंदी मोजक्या आहेत, त्यातून मी कुठलाही वैद्यकीय निष्कर्ष काढत नाही, तो माझा अधिकारही नाही. पण तो तक्ता छापून आईने डॉक्टरांपुढे ठेवला, आणि त्या भेटीत उपासाच्या खाण्यावर सविस्तर बोलणं झालं. इतकी वर्षं तो विषयच निघाला नव्हता. ही जोड कुठल्याही आरोग्याच्या ॲपमध्ये मला सापडली नसती, कारण एकादशी नावाचा रकाना त्यात नसतो. स्वतः कोड लिहिण्यातला खरा फायदा मला इथे दिसतो. प्रश्न आपल्या घरातला असतो, म्हणून रकानेही आपल्याच घरातले हवेत.

जोड देताना वेळेकडे मात्र लक्ष हवं. व्हॉट्सॲपच्या फाइलमधली वेळ फोनची, म्हणजे आपली. इतर पुष्कळ सेवा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, नोंद करतात, साडेपाच तास मागे. पहाटे पाचची घटना तिथे आदल्या दिवशीची ठरते आणि तारखेवरची जोड गुपचूप चुकते. क्वेरीत 330 मिनिटं मिळवली की प्रश्न सुटतो. मी आता प्रत्येक तक्त्यात भारतीय वेळेचा वेगळा रकाना पहिल्या दिवशीच करून ठेवते.

मराठीत शोध घेण्याबद्दल जरा जास्त लिहिते, कारण याविषयी मराठीत कुठे वाचायला मिळालं नाही. एसक्यूलाइटची पूर्ण-मजकूर शोधाची सोय मूळ मांडणीत अक्षर आणि अंक यांनाच शब्दाचा भाग मानते. आपल्या काना, मात्रा, वेलांट्या युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) वेगळ्या वर्गात येतात, म्हणून त्या जागी शब्द तुटतो. ‘भाजी’ची होते ‘भ’ आणि ‘ज’. मग भाजी शोधली की ‘भिजून’ आणि ‘भुजिया’ असलेले संदेशही हजर. उपाय दोन. एक, तक्ता बनवताना मात्रांचे वर्गही शब्दात धरायला सांगणं. दुसरा मला जास्त आवडतो: 2020 च्या अखेरीस एसक्यूलाइटमध्ये आलेली ‘ट्रायग्रॅम’ पद्धत. ती मजकुराचे तीन-तीन चिन्हांचे तुकडे करून ठेवते, त्यामुळे ‘साखर’ शोधलं की ‘साखरेचा’ आणि ‘साखरेवर’ही मिळतात. प्रत्यय चिकटणाऱ्या आपल्या भाषेला हे फार सोयीचं आहे. मर्यादा आहेतच. ‘मध’ दोनच चिन्हांचा, तो या पद्धतीने सापडत नाही. ‘दूध’ शोधलं तर ‘दुधाचा’ सुटतो, कारण दीर्घ ऊकाराचा ऱ्हस्व झालेला असतो. दोन्ही रूपं शोधावी लागतात. शिवाय रकाना अकारविल्हे लावला की ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच नंतर येतो, कारण क्रम युनिकोडचा, आपल्या वर्णमालेचा नाही.

ठिकाणांबद्दल थोडक्यात. ॲन्ड्रॉइड फोनमधून टाइमलाइनची जेसन फाइल काढता येते. त्यातल्या अक्षांश-रेखांशांना अंशाचं चिन्ह चिकटलेलं असतं, ते काढून दोन रकाने केले आणि त्यांना ‘लॅटिट्यूड’, ‘लाँगिट्यूड’ अशी इंग्रजी नावं दिली की डेटासेटचं क्लस्टर-मॅप प्लगइन (वर जोडायचा छोटा प्रोग्राम) नकाशा आपोआप काढतं. घोडबंदर रोडवर पावसाळ्यात किती वेळ जातो, ते एकदा पाहिलं. माहीत होतं तेच दिसलं. एक सावधगिरी: नकाशाच्या चित्रांचे चौकोन इंटरनेटवरून येतात, म्हणजे तुम्ही कुठला भाग बघता आहात एवढं तरी बाहेर जातं.

डेटासेटमधल्या उणिवा. क्वेरी एका सेकंदात संपली नाही तर ती तोडली जाते आणि एका वेळी हजारच ओळी परत येतात. दोन्ही मर्यादा वाढवता येतात, पण नवख्याला त्या का आल्या ते कळत नाही. आलेख हवे तर प्लगइन घाला. एखादी नोंद तिथल्या तिथे, एक्सेलसारखी, दुरुस्त करायची सवय असेल तर ती इथे सोडावी लागते. मी दुरुस्त्या मूळ फाइलमध्ये किंवा स्क्रिप्टमध्ये करते आणि तक्ता पुन्हा बांधते. सुरुवातीला हे जाचलं. आता तेच बरं वाटतं, कारण प्रत्येक बदल कुठे झाला ते स्क्रिप्ट वाचून सांगता येतं.

कायद्याचंही एक सांगायला हवं. युरोपातल्या जीडीपीआर या माहिती-संरक्षणाच्या कायद्याने मे 2018 पासून तिथल्या लोकांना आपली माहिती यंत्राला वाचता येईल अशा स्वरूपात मागून घेण्याचा हक्क दिला. आपल्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहितीचा गोषवारा, दुरुस्ती आणि पुसणं मागण्याची तरतूद आहे, पण माहिती उचलून दुसरीकडे नेण्याचा तसा हक्क नाही. 2019 च्या विधेयकात तो होता. तो गळला याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण बँकेने किंवा इस्पितळाने नीट सीएसव्ही द्यावी म्हणून बोट ठेवायला कलमच उरलं नाही. घरगुती कामासाठी एखाद्याने स्वतः माहिती हाताळली तर हा कायदा लागू होत नाही. म्हणून दुसऱ्यांच्या बाबतीत जबाबदारी कमी होते असं मी मानत नाही. ग्रुपच्या फाइलमध्ये आत्याची दुखणी आणि भावाच्या नोकरीच्या गोष्टीही येतात. मी आईला विचारूनच हे सुरू केलं, फक्त तिचे साखरेचे संदेश तक्त्यात घेतले आणि मूळ फाइल पुसून टाकली. व्हॉट्सॲपने 2025 मध्ये गप्पा बाहेर काढणं रोखण्याची सेटिंग दिली आहे. ग्रुपमध्ये कुणी ती लावली असेल, तर तो नकार समजावा.

नव्याने सुरू करणाऱ्यांनी सगळे स्रोत एकदम गोळा करू नयेत. टेकआउटच्या पेटीत सगळ्या खुणा करून अनेक जीबींच्या झिप उतरवल्या की त्या तशाच पडून राहतात. आधी एक प्रश्न ठरवा आणि त्याला लागतील तेवढ्याच दोन फाइली घ्या. टेकआउटमधून ‘माय ॲक्टिव्हिटी’ घेत असाल तर एचटीएमएलऐवजी जेसन निवडा, आणि तयार झालेली लिंक सात दिवसांत वापरा. डेटाबेसची फाइल कूटबद्ध केलेल्या डिस्कवरच ठेवा, कारण सगळी माहिती एकत्र आली की चोरालाही ती एकत्रच मिळते. माझी एक प्रत घरी आणि एक सांगलीला आईच्या कपाटात असते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी नव्या फाइली उतरवते, स्क्रिप्ट चालवते, आणि आईला फोन करून त्या महिन्यातले उपास विचारून घेते.