झीरो बिअर: दारू सोडल्यावर आठ महिन्यांचा वापर

झीरो म्हणजे बिनअल्कोहोलची बिअर. कीक शोधायला ही बाटली उघडाल तर पैसे पाण्यात. संध्याकाळी सातला हाताला लागलेली सवय, घशाला हवा असलेला कडवट गारवा आणि समोर चखण्याची ताटली, एवढंच ती भागवते. आठ महिने, त्यातला एक अख्खा मराठवाडी उन्हाळा, वेगवेगळ्या बाटल्या वापरून झाल्यावरचं मत असं: झीरो बेचव लागते ती बहुतेक वेळा चुकीची बाटली उचलल्यामुळे, नाहीतर ती नीट गार न केल्यामुळे.

आधी बाटलीचं. यात दोन जाती आहेत. एकीत खरी बिअर बनवून नंतर त्यातलं अल्कोहोल काढतात. एरवी अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं, पण हवेचा दाब उतरवला की ते चाळिशीच्या आसपासच उडून जातं आणि बिअर शिजल्यासारखी लागत नाही. हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवट करणाऱ्या फुलांचा, कडूपणा टिकतो, फक्त अंगाने पातळ होते. दुसऱ्या जातीत आंबवणं मध्येच थांबवतात, किंवा मुळात आंबवतच नाहीत; माल्टचं (मोड आणून वाळवलेल्या जवाचं) पाणी, साखर आणि गॅस. यीस्टने जी साखर खायची ती तशीच राहते, म्हणून पहिल्या घोटालाच गोड, आणि वास लहान पोरांना दुधात घालून देतात त्या माल्टच्या पावडरीचा. आलं, पुदिना, पीच असल्या चवींच्या बाटल्या बहुतेक याच घरातल्या.

ओळखायचं कसं? मागचं लेबल वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. पाण्यानंतर लगेच साखर दिसली की ते सरबत समजायचं. हायनेकेन ०.० च्या १०० मिलीत २१ कॅलरी आणि १.३ ग्रॅम साखर. तिच्याच दारूवाल्या बहिणीत ४२ कॅलरी. उलट एखाद्या चवदार बाटलीत १०० मिलीला १० ग्रॅम साखर असेल, तर ३३० मिलीत ३३ ग्रॅम पोटात गेली, म्हणजे सहा-सात चमचे. रोज दोन बाटल्या रिचवून ‘दारू सोडली तरी वजन वाढलं’ म्हणणाऱ्यांचं कोडं इथेच सुटतं. शुगरवाल्यांनी तर या जातीच्या वाटेला जाऊच नये. किंगफिशर रॅडलर लिंबू-माल्टचं पेय आहे. बिअर समजून घेतलं तर फसगत, मे महिन्याच्या दुपारी लिंबू सोडा समजून घेतलं तर झकास.

आता गार करण्याचं. इथे जुनी सवय नडते. साधी बिअर उणे दोन-अडीच अंशांना गोठते, म्हणून फ्रीझरमध्ये तासभर विसरली तरी निभावतं. झीरोत अल्कोहोल नाही, ती शून्याच्या जरा खालीच गोठते. कॅन फुगतो, बाटली तडकते. वाचलीच तर गोठून वितळलेल्या बिअरचा गॅस गेलेला असतो. त्यामुळे फ्रीझर नाही, खालच्या कप्प्यात आदल्या रात्रीपासून. लाइट गेलेली असेल तर बादलीत बर्फ, बर्फ बुडेल एवढं पाणी आणि दोन मुठी खडे मीठ. बाटली मानेपर्यंत बुडवून अधूनमधून फिरवायची. दहा मिनिटांत काम होतं. पंधराच्या पुढे ठेवू नका, मिठाचं पाणी शून्याच्या खाली जातं. माठाच्या गारव्यावर भागत नाही. ग्लासात बर्फ टाकणं तर गुन्हाच. आधीच पातळ, त्यात पाणी.

ग्लासला भांड्याच्या साबणाचा नाहीतर तेलाचा अंश राहिला की फेस टिकत नाही. ग्लास तिरका धरून अर्धा भरा, मग सरळ करून वरून ओता. लिंबू-काळं मीठ आवडत असेल तर मीठ वरून टाकू नका, सगळा फेस उसळून टेबलावर येतो. तळाशी लिंबाच्या रसात मीठ विरघळवून घ्या, मग हळू ओता. उघडलेली बाटली उद्यासाठी ठेवायची नाही. हिरव्या बाटलीचा खोका दुकानदाराने उन्हात ठेवलेला दिसला तर घेऊ नका. उजेडाने हॉप्स बिघडून कुबट वास येतो.

चखण्यात भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, मसाला पापड जमतात. ठेचा जपून. गॅसने तिखट जास्त झोंबतं. दोन बाटल्यांपुढे पोट गच्च होतं, त्यामुळे जुन्या हिशेबाने तीन-चार जात नाहीत. ते बरंच आहे.

परमिट रूममध्ये मित्रांसोबत बसणार असाल तर बाटली समोर फोडून घ्या. हायनेकेनची दोन्हींची बाटली हिरवीच, झीरोचं लेबल निळं. अंधारात वेटरचा हात चुकू शकतो. घरी मात्र बाटली टेबलावर दिसू द्या. वास माल्टचाच येतो आणि घरच्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकतेच.

नियमाने ०.५ टक्क्यांहून जास्त अल्कोहोल असेल तरच ते मद्य. म्हणून ‘नॉन-अल्कोहोलिक’ लिहिलेल्या बाटलीत किंचित असू शकतं, ‘०.०’ छापलेलीच घ्या. दारू सोडण्यासाठी डायसल्फिरामची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हातही लावू नका, त्या गोळीवर थोडं अल्कोहोलही त्रास देतं. आणि ज्यांची दारू व्यसनापर्यंत गेली होती, त्यांना चव, वास, फेस हीच ओढ असते. झीरो पिऊन झाल्यावर ‘खरी’ची आठवण जास्त येत असेल, तर आपल्यासाठी ताक आणि सोडाच बरा.

मिळण्याची बोंब आहेच. वाळूजला बिअरचे कारखाने, २०१६ च्या दुष्काळात त्यांच्या पाण्यावर औरंगाबाद खंडपीठाला कपात लावावी लागली इतके मोठे. आणि तालुक्याच्या गावी झीरो मागितली की दुकानदार तोंडाकडे बघतो. बिअर शॉपीपेक्षा शहरातल्या सुपरमार्केटात विचारा, परमिट लागत नाही, ड्राय डेलाही मिळते. खोका मागवलात तर तारीख बघून घ्या आणि पत्र्याच्या खोलीत ठेवू नका.