सातपूरला बनवून घेतलेलं पँथिऑनचं कापीव मॉडेल

पॉलिटेक्निकमध्ये बावीस वर्षं काँक्रीट शिकवतेय. रोमच्या पँथिऑनवर, म्हणजे तिथल्या काँक्रीटच्या घुमटाच्या प्राचीन देवळावर आले की दरवर्षी फळ्यावर अर्धवर्तुळ काढायचं आणि पोरांनी ते वहीत उतरवायचं, एवढंच व्हायचं. यंदा नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतल्या एका मॉडेलवाल्यांकडून १:२०० मापाचं, मधोमध कापलेलं मॉडेल करून घेतलं. ६,८०० रुपये लागले.

आणल्या आणल्या व्हर्नियर लावला. घुमटाची जाडी बुडाशी ३२ मिलिमीटर, माथ्याशी ६. म्हणजे खऱ्यातले ६.४ मीटर आणि १.२ मीटर, बरोबर. मग लेकीचा फुटबॉल आणला, थोडी हवा काढली आणि आत बसवला. खाली फरशीला टेकला, वर माथ्याच्या उघड्या गोलापर्यंत पोचला. घुमटाचा आतला व्यास आणि फरशीपासूनची उंची दोन्ही ४३.३ मीटर, हे वर्गात मी शंभरदा सांगितलं असेल. फुटबॉल बसल्यावर मागच्या बाकावरची पोरंही उठून पुढं आली.

पण मला खरं आवडलं ते कापलेल्या बाजूवरचं काम. पायात जड दगडाची कच, मधे विटांचा चुरा आणि माथ्याजवळ पाय घासायच्या प्यूमिसचा भुगा. कारागिराने नुसते रंग मारले असते तरी चाललं असतं, पण त्याने खरं साहित्य वापरलं. रोमन लोकांनी साधारण असंच केलंय: वर जाताना खडी हलकी, थर पातळ. आत सळई एकही नाही आणि इसवी सन १२६ च्या सुमाराला रोमन सम्राट हेड्रियनच्या काळात पुरा झालेला घुमट आजही उभा आहे. आपल्या पीपीसी (पोर्टलँड पोझोलाना सिमेंट) च्या पोत्यावरचा ‘पोझोलाना’ हा शब्द नेपल्सजवळच्या पोत्सुओलीचा, तिथली ज्वालामुखीची राख चुन्याबरोबर कालवायचे. आपल्याकडे तेच काम एकलहऱ्यासारख्या औष्णिक केंद्रातली फ्लाय ॲश, म्हणजे कोळशाची बारीक राख करते. पोरांच्या हातात राखेची पुडी आणि मॉडेल एकदमच द्या, म्हणजे धागा आपोआप जुळतो.

तक्रार एकच, पण मोठी. पहिल्या खेपेला बाहेरच्या बाजूची पायऱ्यांसारखी कडी त्यांनी घासून गुळगुळीत केली होती, ‘दिसायला बरं दिसतं’ म्हणून. ती कडी शोभेसाठी नाहीत हो! घुमट खालच्या भागात बाहेर फाकायला बघतो, तिथे हे वजन वरून दाबून धरतं. परत दिलं, बारा दिवस गेले. दुसऱ्या खेपेला कडी नीट आली आणि जादा पैसे मागितले नाहीत, हे त्यांचं चांगलं. आतल्या २८-२८ खाचांच्या पाचही ओळी मात्र पहिल्यापासूनच सुबक होत्या.

अजून एक हवं होतं. खऱ्या घुमटाला बुडाकडून वर चढणाऱ्या उभ्या चिरा आहेत. काँक्रीट ताण सोसत नाही, हे त्या चिराच सांगतात. मॉडेलवर त्या दाखवलेल्या नाहीत, सध्या मीच पेन्सिलीने आखून घेतल्या.

स्कूटरवर पायाशी ठेवून गंगापूर रोडपर्यंत आणलं, कुठे टवका उडाला नाही. कॉलेजसाठी घ्यायचं असेल तर सुट्टीतच ऑर्डर द्या आणि बाहेरच्या कड्यांचं ड्रॉइंग सोबत न्या.