सिंक तपासायला मीडियाइन्फो: फुकटचं, कामाचं, पण बहिरं

चॅनेलच्या क्यूसीतून (दर्जा-तपासणीतून) 'ऑडिओ आउट ऑफ सिंक', म्हणजे आवाज चित्राशी जुळत नाही, असा शेरा घेऊन एपिसोड परत येतो, तेव्हा दोष बऱ्याचदा एडिटच्या आधीच, आलेल्या फाइलींमध्ये शिरलेला असतो. तो तिथेच पकडायला मीडियाइन्फोइतकं, म्हणजे फाइलची तांत्रिक माहिती दाखवणाऱ्या या सॉफ्टवेअरइतकं, सोपं साधन नाही. मुक्तस्रोत आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. ब्राउझरमधली आवृत्तीही आहे. तिच्यात फाइल अपलोड होत नाही, तुमच्याच मशीनवर वाचली जाते. त्यामुळे प्रसारणाआधीचा एपिसोड बाहेर जाण्याची धास्ती नको.

पहिली तक्रार मात्र इथेच. नेहमीच्या सेटिंगवर ते लांबी '२२ मिनिटं ० सेकंद' एवढीच सांगतं, मिलिसेकंद गाळून टाकतं. सिंकच्या कामाला ही माहिती शून्य उपयोगाची. विंडोजवर डीबग मेनूत जाऊन अ‍ॅडव्हान्स्ड मोड चालू करा आणि व्ह्यूमध्ये टेक्स्ट निवडा, मग खरे आकडे दिसतात.

आधी फ्रेम रेट मोड बघा, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम हे ठरलेलं आहे की बदलतं. मोबाइलवर शूट केलेल्या बाइटला (मुलाखतीच्या तुकड्याला) तो बहुधा 'व्हेरिएबल' असतो. ती क्लिप तशीच २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर टाकली, तर सुरुवातीला ओठ जुळतात आणि तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला सुटतात. एडिटला घेण्याआधी कॉन्स्टंट (ठरलेल्या) २५ वर ट्रान्सकोड करून, म्हणजे फाइल नव्याने बनवून, घ्या. नंतर कापून-सरकवून जुळवत बसणं म्हणजे फाटक्या पिशवीत गहू भरणं.

दुसरी ओळ लांबीची, आणि इथे बहुतेकजण चुकीची फाइल तपासतात. टाइमलाइनवरून काढलेल्या मास्टरमध्ये (अंतिम फाइलमध्ये) चित्र आणि आवाज एकाच इन-आउटमधून, म्हणजे एकाच सुरुवात-शेवटाच्या खुणांमधून, निघतात, तेव्हा दोघांची लांबी सारखीच येणार. आत आवाज दोन सेकंद सरकलेला असला तरी. तपासायचं असतं ते मिक्स स्टुडिओतून आलेलं वेव्ह (आवाजाची फाइल) आणि त्यांना दिलेलं रेफरन्स चित्र. चित्र २२ मिनिटं १.३२ सेकंद आणि वेव्ह बरोबर २२ मिनिटं आलं, तर निदान झालंच: कुणीतरी सेकंदाला २३.९७६ फ्रेमचं चित्र २४ चं समजून काम केलंय. फरक फक्त ०.१ टक्क्याचा, म्हणून पहिल्या ४० सेकंदांत चूक जेमतेम एका फ्रेमची असते आणि सुरुवात बघून 'ओके' म्हणणारा फसतो. २४ आणि २५ ची गल्लत झाली तर २२ मिनिटांत ५२.८ सेकंदांचा फरक पडतो. तो कुणाच्याही नजरेतून सुटत नाही. शेवटी २० मिलिसेकंदांच्या आसपास फरक दिसला आणि आवाज एएसी या दाबलेल्या फॉरमॅटमध्ये असला तर घाबरू नका. एएसीची एक फ्रेम १०२४ सॅम्पलची, म्हणजे ४८ किलोहर्ट्झला २१.३ मिलिसेकंद, त्याची शेपटी तेवढी पुढे-मागे संपतेच.

तिसरी ओळ 'डिले रिलेटिव्ह टू व्हिडिओ', म्हणजे चित्राच्या तुलनेत आवाजाचा उशीर. सगळ्यात जास्त गैरसमज हिच्याबद्दल. ट्रान्सपोर्ट स्ट्रीममध्ये (प्रसारणासाठी वापरतात त्या फाइल-प्रकारात) इथे काही मिलिसेकंदांचा आकडा सर्रास दिसतो. तो दोष नव्हे, दोन प्रवाहांच्या सुरुवातीच्या वेळांमधलं अंतर आहे, आणि नीट लिहिलेला प्लेअर ते पाळतो. घोटाळा होतो तो आवाज वेगळा काढून तो आकडा न बघता पुन्हा जोडला की.

आता बहिरेपणाबद्दल. मीडियाइन्फो फाइलची कुंडली वाचतं, आवाज ऐकत नाही. लॉकनंतर (एडिट पक्कं झाल्यावर) बदललेला एखादा कट, जुन्या मिक्सचा रील, एम अँड ई चा (संवाद सोडून संगीत आणि इफेक्ट्सचा) सरकलेला ट्रॅक यांतलं काहीच त्याला कळत नाही. त्यासाठी टाइमलाइनवर वेव्हफॉर्म (आवाजाची रेघ) मोठा करून प किंवा ब शोधावा. 'बाबा' म्हणताना ओठ मिटलेले असतात तेव्हा आवाजाची रेघ जवळजवळ सपाट असते आणि ओठ सुटतात त्याच फ्रेममध्ये उभा काटा येतो. तो काटा एक फ्रेम आधी आला की आवाज ४० मिलिसेकंद पुढे, म्हणजे ४८ किलोहर्ट्झला १९२० सॅम्पल. 'म' घेऊ नका, त्यात ओठ मिटलेले असतानाच आवाज चालू असतो. 'फ' तर नकोच, बरेच लोक तो दात-ओठाने म्हणतात. हिंदीवरून मराठीत डब केलेल्या मालिकेत ओठांकडे बघूच नका; दार, टाळी, टेबलावर ठेवलेला कप धरा.

किती चूक चालते? युरोपीय प्रसारकांच्या ईबीयू आर३७ शिफारशीत आवाज ४० मिलिसेकंदांहून जास्त पुढे किंवा ६० हून जास्त मागे नको. मागे राहिलेल्या आवाजाला सूट जास्त, कारण कान त्याला सरावलेला असतो: दहा मीटरवरून मारलेली हाक सुमारे २९ मिलिसेकंद उशिराच पोचते. चॅनेलची स्वतःची मर्यादा याहून कडक असेल तर तीच पाळा. आणि ब्लूटूथ हेडफोनवर निकाल देऊ नका. त्याचा स्वतःचा उशीरच शे-दोनशे मिलिसेकंदांचा असू शकतो, शिवाय प्लेअर तो भरून काढतोय की नाही हे कळत नाही.

पॉप, म्हणजे सिंक जुळवायला घातलेला छोटा ठोका, सुरुवातीला असतो तसा शेवटीही मिक्स स्टुडिओकडून मागून घ्या. कार्यक्रम १०:००:००:०० ला सुरू होत असेल तर १ किलोहर्ट्झचा एक फ्रेमचा ठोका ०९:५९:५८:०० ला हवा. दोन्ही टोकांना फरक सारखा आला तर आवाज नुसता सरकवायचा. शेवटी वाढलेला आला तर रेट चुकलाय, सरकवून भागणार नाही, मिक्स परत मागवा. पॉप प्रत्येक ट्रॅकवर पाहा, नुसत्या १-२ वर नाही. परत आलेल्या एपिसोडात ३-४ सरकलेला आणि १-२ ठणठणीत, असंही असतं.