दाढेतलं खोल कंपोझिट: थरांनी भरावं की बल्क-फिलने?

दाढेतल्या किडीच्या खड्ड्यात कंपोझिट (दातांच्या रंगाचं फिलिंग) थराथराने भरावं की बल्क-फिलने, म्हणजे एकदम जाड थरात भरता येणाऱ्या कंपोझिटने, हा प्रश्न उथळ क्लास वन कॅव्हिटीत (फक्त चावण्याच्या पृष्ठभागावरच्या खड्ड्यात) पडतच नाही. 2 मिलिमीटरचा एक थर टाकला, लाइट मारून क्युअर (कडक) केला, काम झालं. खरा प्रश्न येतो खोल क्लास टूमध्ये (शेजारच्या दाताकडच्या बाजूलाही गेलेल्या खड्ड्यात), जिथे प्रॉक्सिमल बॉक्स (त्या बाजूचा खड्डा) मार्जिनल रिजपासून (दाढेच्या वरच्या कडेपासून) 5-6 मिलिमीटर खाली गेलेला असतो. तिथे सध्या तीन पद्धती चालतात. नेहमीचं कंपोझिट तिरक्या थरांनी भरायचं, घट्ट बल्क-फिल 4 मिलिमीटरपर्यंत एकदम भरायचं, किंवा तळाला फ्लोएबल (पातळ, वाहणारं) बल्क-फिल घालून वर नेहमीच्या कंपोझिटचा थर द्यायचा. तिन्ही पद्धतींनी मी भरपूर काम केलं आहे आणि तिन्हींची फिलिंग्ज चांगली टिकलेली पाहिली आहेत. बल्क-फिल आणि थर यांची तुलना करणाऱ्या अनेक वर्षांच्या क्लिनिकल अभ्यासांतही टिकाऊपणात मोठा फरक दिसलेला नाही. म्हणून निवड करताना फिलिंग किती वर्षं टिकेल यापेक्षा रोजच्या कामात नेमकं अडतं कुठे, हे पाहावं असं मला वाटतं.

थरांच्या बाजूने कॉलेजात शिकवलेला युक्तिवाद आकसण्याचा. कंपोझिट क्युअर होताना आकारमानाने साधारण 2 ते 3 टक्के आकसतं. थर लहान ठेवला आणि तो एकाच वेळी समोरासमोरच्या दोन्ही भिंतींना चिकटू दिला नाही, तर ताण कमी पडतो असं आपण धरून चालतो. 1996 साली फायनाइट एलिमेंट पद्धतीने (संगणकावर ताणाचं गणित मांडून) झालेल्या एका अभ्यासात मात्र थरांनी भरलेल्या दातात भिंती उलट जास्त ओढल्या जातात असं दिसलं होतं. तेव्हा एवढ्याच कारणासाठी थर लावत असाल, तर पुन्हा विचार करायला हरकत नाही. थरांचे दोन फायदे मात्र मला पूर्ण मान्य आहेत. प्रत्येक थराला लाइट नीट पोचतो, आणि कस्प (दाढेवरचे उंचवटे) एकेक करून उभे करता येतात. ज्याचा हात यात बसला आहे, त्याला आर्टिक्युलेटिंग पेपर (चावा तपासायचा रंगीत कागद) लावल्यावर फारसं घासावं लागत नाही.

माझं थरांशी बिनसलं ते बॉक्सच्या तळाशी. पहिला थर जिंजायव्हल फ्लोअर (बॉक्सचा हिरडीकडचा तळ) आणि मॅट्रिक्स बँड (दाताभोवती लावलेली पातळ धातूची पट्टी) यांच्या कोपऱ्यात दाबायचा आणि कंडेन्सर (दाबायचं हत्यार) वर उचलायचा, एवढंच काम. पण कंडेन्सरबरोबर मटेरियलही वर येतं. सगळा गोळाच वर आला तर निदान दिसतो, पुन्हा दाबता येतो. खरा त्रास कडेचा पापुद्रा सुटतो तेव्हा. वरच्या दुसऱ्या मोलरच्या (दाढेच्या) डिस्टल (मागच्या बाजूच्या) बॉक्समध्ये, आरशातून पाहताना, बँडची चकाकी डोळ्यांवर येत असताना ती केसाएवढी फट दिसणं जवळजवळ अशक्य. आपण लाइट मारतो आणि फट कायमची आत राहते. नंतर बाइटविंगवर (दाढांच्या एक्स-रेवर) मार्जिनपाशी, म्हणजे फिलिंग आणि दात जुळतात त्या कडेपाशी, काळी रेघ दिसते. ती पोकळी आहे, तळाशी साचलेलं बाँडिंग (कंपोझिट दाताला चिकटवणारं द्रव्य) आहे की पुन्हा लागलेली कीड, हे फिल्म पाहून खात्रीने सांगता येत नाही. पेशंटला काय सांगायचं आणि फिलिंग काढायचं की ठेवायचं, हे दोन्ही प्रश्न त्या रेघेपाशी अडतात.

उपाय आहेत. कंडेन्सर दर वेळी पुसून स्वच्छ ठेवला, त्याच्या टोकाला ओरखडे नसले, तर चिकटणं कमी होतं. फ्लोएबलचा पातळ थर क्युअर न करता त्यातच घट्ट कंपोझिट दाबायचं आणि दोन्ही एकत्र क्युअर करायचे, हा त्याहून चांगला उपाय. थर सोडायचेच नसतील तर निदान एवढं करावं. माझ्या हातून मात्र याने त्रास कमी झाला, संपला नाही.

घट्ट बल्क-फिलने वेळ वाचतो, पण ही अडचण सुटत नाही. तेही कंडेन्सरलाच चिकटतं, वर 4 मिलिमीटरचा गोळा एकदम दाबताना कोपऱ्यात हवा अडकण्याची शक्यता असते. काहीजण ते गरम करून किंवा सोनिक हँडपीसने पातळ करून घालतात. गरम केलेलं खरोखर छान पसरतं, फक्त हीटरमधून काढल्यावर ते झपाट्याने थंड होतं, त्यामुळे हात चटचट चालावा लागतो. शिवाय लाइट खोलवर पोचावा म्हणून बरीचशी बल्क-फिल जास्त पारदर्शक ठेवलेली असतात. काळपट डेंटिनवर (दाताच्या आतल्या थरावर) ती राखाडी दिसतात. खालच्या मोलरला चालून जाईल, हसताना दिसणाऱ्या वरच्या प्रीमोलरला मी घालणार नाही.

फ्लोएबल बल्क-फिलमध्ये तळाशी दाबण्याची भानगडच नाही. सिरिंजचं टोक जिंजायव्हल फ्लोअरला टेकवायचं, ते मटेरियलमध्ये बुडालेलंच ठेवून सावकाश वर घ्यायचं. मध्येच टोक बाहेर काढलं की बुडबुडा आलाच. काही सेकंद थांबलं की मटेरियल आपोआप सपाट होतं, कोपऱ्यात शिरतं. एखादा बुडबुडा दिसलाच तर एक्सप्लोररच्या (तपासायच्या टोकदार हत्याराच्या) टोकाने फोडता येतो. मग क्युअर, आणि वरच्या 2 मिलिमीटरला नेहमीचं कंपोझिट. हा वरचा थर टाळता येत नाही, कारण फ्लोएबल चावण्याच्या पृष्ठभागावर झिजतं. पण मार्जिनल रिज, कस्प आणि शेड हे थरांचे फायदे नेमके याच 2 मिलिमीटरमध्ये मिळतात.

याही पद्धतीत एक गोष्ट सांभाळावी लागते. वेज (बँड दाताला घट्ट दाबणारी पाचर) सैल असेल तर फ्लोएबल बँडखालून हिरडीखाली जातं, आणि तिथलं ओव्हरहँग (बाहेर आलेलं जादा मटेरियल) काढणं फार कटकटीचं. म्हणून सिरिंज हातात घेण्याआधी एक्सप्लोरर मार्जिनवरून फिरवून बँड घट्ट बसल्याची खात्री करतो. बँड बसतच नसेल, रक्त येत असेल, तर कुठलंच कंपोझिट तिथे नीट बसणार नाही.

पाकिटावरचे 4 मिलिमीटरही जपून घ्यावेत. तो आकडा लाइटचं टोक मटेरियलच्या जवळ धरलेलं असताना मोजलेला असतो. आपल्या बॉक्समध्ये टोक कस्पवर टेकतं आणि तळ बराच खाली राहतो. मी पेरिओ प्रोबने (खुणा असलेल्या बारीक सळईने) खोली मोजतो, तळाच्या थराला सांगितल्याच्या दुप्पट वेळ लाइट देतो, आणि बँड काढल्यावर बकल (गालाकडच्या) व लिंग्वल (जिभेकडच्या) बाजूने पुन्हा क्युअर करतो. एवढं करूनही वेळ थरांपेक्षा कमीच लागतो. रबर डॅमखाली (दात कोरडा ठेवणाऱ्या रबरी पडद्याखाली) तोंड उघडून बसलेल्या पेशंटला तो फरक जाणवतो.

बॉक्स 3 मिलिमीटरच्या आतला असेल किंवा एखादा कस्प पूर्ण उभा करायचा असेल, तर थरांनीच भरा, तिथे बल्क-फिलने फारसं काही साधत नाही. खोल बॉक्ससाठी फ्लोएबल घेऊन पाहायचं असेल तर सुरुवात खालच्या पहिल्या मोलरच्या मेझिअल (पुढच्या बाजूच्या) बॉक्सपासून करावी. तिथे सगळं सरळ डोळ्यांना दिसतं, आणि फिलिंग झाल्यावर लगेच बाइटविंग काढून तळ तपासता येतो.