‘सायक्लोक्रॉस अशीच चालते’ असं कोणी सांगितलं तर

फेब्रुवारीत मी ४२,००० रुपये मोजून एक जुनी सायक्लोक्रॉस सायकल घेतली आणि फसलो. नुसते पैसे गेले असते तर गप्प बसलो असतो. पण त्या सायकलीवरून माझा भाचा पडला, कोपराजवळ हाड मोडलं आणि पोराचे सहा आठवडे प्लास्टरमध्ये गेले. म्हणून सगळं लिहितोय.

मी जळगावला एमआयडीसीत डायच्या वर्कशॉपमध्ये आहे. बहीण अमळनेरजवळ एका खेड्यात दिलेली. तिकडच्या शेतरस्त्यांवर सायकल चालवायची माझी जुनी हौस आहे. पण आपली काळी माती माहीतच आहे. एक सर येऊन गेली की रोड सायकलचं चाक दहा-वीस पावलांत चिमट्यात, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कमध्ये, जाम होतं. सायक्लोक्रॉस सायकल मुळात बेल्जियम-फ्रान्सकडच्या थंडीतल्या चिखलाच्या शर्यतींसाठी बनते. शर्यतीत टायर ३३ मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही, पण त्या टायरभोवती चिखल निसटून जाईल एवढी मोकळी जागा फ्रेममध्ये आणि चिमट्यात ठेवलेली असते. त्यामुळे तिचा चिमटाही लांब असतो. चाकाच्या मधल्या ॲक्सलपासून चिमट्याचे दोन्ही पाय जुळतात त्या वरच्या खांद्यापर्यंत साधारण ३९५ मिलिमीटर. रोड सायकलचा ३७० च्या आसपास भरतो. हा २५ मिलिमीटरचा फरक मला तेव्हा माहीत नव्हता, विकणाऱ्याला मात्र पक्का माहीत होता.

माणूस बोलायला गोड. फोटो भरपूर पाठवले, पण आता काढून बघतो तर एकही सायकलीच्या थेट कडेने घेतलेला नाही. सगळे मागून नाहीतर तिरके. ‘सगळं ओरिजिनल आहे, फक्त रंग नवा मारलाय’ हे तो फोनवर म्हणाला, लिहून काहीच दिलं नाही. मागे ३३ चा टायर आणि पुढे २८ चा, हे मी विचारलं होतं. ‘पुढचा बारीक ठेवला की सायकल पळते,’ म्हणाला. दोन चकरा मारून पाहिल्या तेव्हा हँडल फारच हलकं वाटलं. तेही बोललो. त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं होतं, ‘भाऊ, सायक्लोक्रॉस अशीच चालते, चपळ असते. आठ दिवसांत हात बसेल.’

हे वाक्य मी पाच महिने खरं मानलं. हँडल हललं की मला वाटायचं, माझाच हात बसत नाहीये.

जुलैत पहिल्या मोठ्या पावसानंतर भाचा ती घेऊन कपाशीच्या बांधाकडे वळला. वळणावर वेग अगदी कमी होता. बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागलं, हँडल एकदम आत वळलं आणि पोरगं बांधावरून खाली गेलं. मी धावत पोचलो तर हात छातीशी धरून बसलेला. ‘मामा, पाय चाकले लागस,’ एवढंच म्हणाला. पुढच्या चिमट्यात माती सिमेंटसारखी दाबून भरली होती. मागच्या चाकाभोवती बोट सहज फिरत होतं. तिथे माझ्या डोक्यात पहिल्यांदा शंका आली, कारण एकाच सायकलीला पुढे आणि मागे एवढी वेगळी जागा कोण ठेवेल?

घरी येऊन टेप लावला. चिमटा ३७० भरला. कंपनीच्या त्या मॉडेलच्या मापांच्या तक्त्यात ३९५ होता. सपाट फरशीवर उभी करून मोबाईलचं कोन मोजायचं ॲप हेड ट्यूबला, म्हणजे चिमट्याची दांडी जिच्यात फिरते त्या हँडलखालच्या नळीला, टेकवलं तर ७३.६ अंश आला. तक्त्यात ७२. म्हणजे मूळ चिमटा काढून रोड सायकलचा बसवला होता, फ्रेमच्या रंगात रंगवून. ३३ चा टायर त्यात बसतच नव्हता म्हणून २८ चा. पळण्याबिळण्याचा काही संबंध नव्हता.

दीड अंश ऐकायला किरकोळ वाटतो. तो नेमकं काय करतो तेवढं समजून घ्या. हेड ट्यूबची रेषा सरळ जमिनीपर्यंत नेली तर ती टायर जिथे टेकतो त्याच्या थोडी पुढे पडते. या अंतराला ट्रेल म्हणतात आणि चाक आपोआप सरळ राहण्यात त्याचा मोठा वाटा असतो. चिमट्याचा पुढचा बाक (हेड ट्यूबच्या रेषेपासून ॲक्सल जेवढा पुढे असतो ते अंतर) ४५ मिलिमीटर धरून मी हिशेब मांडला. मूळ मापांना ट्रेल ६४ च्या पुढे येतो, माझ्या सायकलीला ५३. म्हणून हँडल हातात ठरत नव्हतं. शिवाय पुढची बाजू जवळपास तीन सेंटिमीटर खाली बसली, त्यामुळे पुढचं चाक पायाजवळ आलं आणि मधला बीबी, म्हणजे पायडल ज्याभोवती फिरतात तो आस, सव्वा सेंटिमीटरच्या आसपास खाली गेला. पायडल बांधाला घासायचे ते उगीच नाही. हात कितीही बसला असता तरी ही मापं बदलणार नव्हती.

फोन केला तर म्हणाला, ‘तुम्ही बघूनच घेतली ना?’ नंतर उचलायचंच बंद केलं. पावती नाही, लेखी शब्द नाही. पैसे परत आले नाहीत.

मूळ चिमटा गेला म्हणजे सायकल समोरून कुठेतरी आदळली असणार. त्यामुळे हेड ट्यूबच्या लगेच मागे, खालच्या नळीच्या पोटाला मी बराच वेळ बोट फिरवलं. तशा धडकेत तिथे रंगाखाली सुरकुती किंवा फुगवटा येतो. माझ्या फ्रेमला नव्हता. तुम्ही जुनी घेत असाल तर ही जागा नव्या रंगावर विश्वास न ठेवता हाताने तपासा. टेप खिशात ठेवा, मॉडेलचा तक्ता आधी मिळवा आणि चिमटा मोजू देत नसेल तर तिथूनच परत फिरा. ‘ओरिजिनल’ हा शब्द मेसेजमध्ये लिहून घ्या.

आता मी ३९५ चा चिमटा बसवलाय, पुढेही ३३ चा टायर आहे, कोन ७२ येतो. भाच्याने प्लास्टर निघाल्यावर त्याच बांधावर चालवली. जुन्या चिमट्यावर रंगाचे दोन थर होते, खाली कार्बनला काय झालंय कळायला मार्ग नव्हता. दुसऱ्या कुणाच्या सायकलीत जायला नको म्हणून तो वर्कशॉपमध्ये करवतीने मधून कापला.