गाडीचं तोंड फुटलं: अंगणात खोलायची, पत्रा ठोकणाऱ्या टिंकरकडे न्यायची की क्लेम करायचा?

जांबोटीच्या रस्त्यावर म्हैस आडवी आली की गाडीचं तोंड वाकडं होतंच. पाने काढायच्या आधी फोटो काढा आणि पॉलिसी वाचा. विमा कंपनीचा सर्व्हेअर येण्याआधी गाडी खोललीत तर क्लेम अडकतो. पॉलिसी नुसती थर्ड पार्टीची असेल तर तो प्रश्नच नाही, तिच्यात आपल्या गाडीचं नुकसान मिळतच नाही.

साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या पार्टवर 50 टक्के घसारा कापतात, 1,500 सीसीपर्यंतच्या गाडीला आणखी 1,000 रुपये आपल्या खिशातून. क्लेम न करता सलग पाच वर्षांत 50 टक्क्यांवर चढलेला नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यातली सूट, तीही जाते. नुसत्या बंपरसाठी क्लेम म्हणजे चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

बंपर, जाळी, फॉगलॅम्प, हेडलाइट एवढंच गेलं असेल तर घरीच करा. चाकाच्या कमानीतले स्क्रू आणि खालच्या क्लिपा काढल्या की बंपर सुटतो. दुसरं टोक धरायला एक माणूस हवा. जुन्या क्लिपा तुटतातच, आधीच नव्या आणून ठेवा. प्लास्टिक आत दबलंय पण फाटलं नाही, तर उकळतं पाणी ओतून आतून दाबा, बऱ्यापैकी सरळ होतं. हेडलाइट बसवल्यावर भिंतीवर झोत जुळवा, नाहीतर चोर्ला घाटात समोरचा शिव्या घालेल.

रंग मात्र घरी नको. मी जुलैत हौसेनं स्प्रे मारला. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत रंग दुधाळ झाला. मेटॅलिक शेड तर डब्यातून जुळतच नाही.

आता पत्रा. बॉनेट आणि फेंडरमधली फट दोन्हीकडे सारखी आहे का? इंजिनाच्या खणाचे दोन्ही कर्ण टेपनं मोजा. फरक आला तर गाडी टिंकरकडेच, तीही चेसिस ओढायची सोय असलेल्याकडे. कूलंट गळतंय, एसीच्या कंडेन्सरवर तेलकट डाग आहे, एअरबॅगचा दिवा पेटलाय, तरीही घरी हात घालू नका. बॉनेटचं कुलूप जरा जरी वाकलं असेल तर पुणे-बेंगळुरू हायवेवर बॉनेट उडून काचेवर आदळू शकतं. एवढं नुकसान असेल तेव्हा क्लेम परवडतो.

शोरूम पार्ट बदलतं, टिंकर ठोकून सरळ करतो. जुन्या गाडीला मी टिंकरच निवडीन, पण गाडी ताब्यात घेताना लोखंडी पत्र्यावर चुंबक फिरवून बघीन. पुट्टी जाड भरली असेल तिथं तो चिकटत नाही.