न्यू जर्सीतल्या एडिसनजवळचं छोटं गॅरेज: मायलेजचं दुखणं अखेर सापडलं

माझी 1999ची टू-सीटर गॅलनला 27 मैल द्यायची. दोन वर्षांत हळूहळू 21वर आली, तरी चेक इंजिनचा दिवा एकदाही लागला नाही. आधीच्या दुकानात प्लग, एअर फिल्टर बदलले, फरक शून्य.

इथल्या मेकॅनिकने आधी स्वतः गाडी चालवून पाहिली. स्कॅनरवर मला दाखवलं, हायवेवरही कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, 150 फॅरनहाइटच्या वर जाईना. हवं होतं 190च्या आसपास. कूलंट तापेपर्यंत त्याची वाट बंद ठेवणारा व्हॉल्व्ह, म्हणजे थर्मोस्टॅट, उघडाच अडकलेला! इंजिन अजून थंडच आहे असं समजून कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडत होता. शिवाय मागचं डावं चाक हाताने फिरेना. ब्रेकची डिस्क दाबून धरणारा कॅलिपर जाम, डिस्क चटका बसेल इतकी तापलेली. केवढा जीव लावून काम करतो हा माणूस!

गेल्या तीन टाक्या 26 मैल पडतायत. हीटरही आता पाच मिनिटांत गरम हवा देतो.